उपमा कुणाच्या घरची

बारावीच्या मराठी युवकभारतीत कथा एका भागात आहे आणि अलंकार दुसऱ्यात. कथेच्या भागात व. पु. काळे यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी'. अलंकार शेवटी, व्याकरणात. पाटोद्यात मी ज्या वर्गांना शिकवतो तिथली मुलं या दोन गोष्टी दोन वेगळ्या वह्यांत ठेवतात. व्याकरणाच्या वहीत उपमेय, उपमान, समान धर्म, साम्यवाचक शब्द असा चौकोन आखलेला असतो. कथेच्या वहीत 'पात्राचे स्वभावविशेष' या मथळ्याखाली कष्टाळू, प्रामाणिक, जिद्दी, प्रेमळ असे शब्द ओळीने. 'गढी'तल्या बापू गुरुजींचे स्वभावविशेष आणि दुसऱ्या कुठल्याही कथेतल्या भल्या माणसाचे स्वभावविशेष अदलाबदल केले तरी परीक्षकाला कळणार नाही. गुणही तेवढेच पडतील.

पात्र कथेत बदलतं, हे मुलांना कळतं. कशावरून कळलं, असं विचारलं की गडबड होते. 'त्याला जाणीव झाली' असं सगळे लिहितात. जाणीव झाली हे लेखकानं कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं की पानं उलटली जातात, कारण चांगल्या लेखकानं ते कुठंच लिहिलेलं नसतं. लेखक दुसरंच काहीतरी लिहून जातो. एखादी गोष्ट आधी कशासारखी दिसत होती आणि आता कशासारखी दिसते, एवढंच. त्या दोन 'सारख्यां'च्या मधे माणूस बदललेला असतो. हे मला पुस्तकांतून अर्धवट माहीत होतं. पुरतं उमगलं ते इथल्या मुलांबरोबर काम करताना, आणि त्यातही पहिल्यांदा 'गढी' शिकवताना.

'शीर्षकाची समर्पकता' हा त्या कथेवरचा ठरलेला प्रश्न. गाईडातलं उत्तरही ठरलेलं: गढी हे ढासळत्या मूल्यांचं प्रतीक. गावासाठी झिजणारे बापू गुरुजी आणि गावातली जुनी गढी यांची जोड लावायची, दोघंही ढासळतात म्हणायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मीही फळ्यावर 'ढासळणे' हा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, गढी पडत नसती. गढी लोक नेतेत."

मराठवाड्यात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. गढीची पांढरी माती माळवदावर टाकायला चांगली, पाणी धरून ठेवत नाही. पाऊस तोंडावर आला की लोक गाड्या भरभरून ती माती न्यायचे. बुरूज पावसानं जेवढा खचला त्याहून जास्त टिकावानं खचला. त्या मुलाच्या गावची गढी अशीच गेली होती, अर्ध्या गावाच्या छतांवर.

मग मी खडू ठेवला आणि बापू गुरुजींकडे पुन्हा बघायला सांगितलं. गुरुजी ढासळतात म्हटलं तर दोष काळाचा, कुणाच्याच हाताला माती लागत नाही. गुरुजींना गाव नेतं म्हटलं तर गाव कथेत पात्र म्हणून उभं राहतं. घेणारं, वापरणारं आणि घेतल्याचं विसरणारं. आणि झिजणाऱ्या माणसाची माती वाया गेली असंही म्हणता येत नाही, कारण कुणाचं तरी घर तिच्यामुळं गळत नाही. एक क्रियापद बदललं आणि स्वभावविशेषांची यादी कुचकामी झाली. प्रतिमा इंगोले यांना हाच अर्थ अभिप्रेत होता असा माझा दावा नाही. त्यांची कथा वऱ्हाडातली, आमचा वर्ग बालाघाटावरचा. पण प्रतीक खरं असलं की ते वाचणाऱ्याच्या गावची मातीही सामावून घेतं, आणि त्या मुलानं दिलेला अर्थ गाईडातल्या अर्थापेक्षा कथेच्या जास्त जवळ जातो असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून वर्गात 'अलंकार ओळखा' हा प्रश्न परीक्षेपुरता उरला. त्याच्या आधी दुसरा प्रश्न यायला लागला: ही उपमा कुणाच्या घरची? निवेदकाच्या की पात्राच्या? आणि पात्राची असेल तर त्यानं ती वस्तू कुठं पाहिली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो वार्षिकांकाच्या वेळी. दरवर्षी मुलं कथा आणून देतात आणि दरवर्षी त्या कथांमधल्या आया एकाच आईची छायाप्रत असतात. एका मुलीच्या कथेतली शेवंता आपल्या आईबद्दल सांगते की तिचे डोळे कमळासारखे होते. मी विचारलं, शेवंतानं कमळ कुठं पाहिलं? पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते खरी, पण इथं ती ओढ्याएवढी. आसपास कमळांची तळी काही नाहीत. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कॅलेंडरात, सर. लक्ष्मीच्या फोटोत."

मग तसंच लिही म्हटलं. आईचे डोळे कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या पायाखालच्या कमळासारखे. आता त्या वाक्यात शेवंता दिसते. तिचं घर दिसतं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, आणि सुंदर म्हणजे काय हे तिला कुठून कळलं तेही दिसतं. जुन्या उपमेला काव्यशास्त्रात जागा आहे. कमळ वाईट नाही. पण कथेतल्या माणसाच्या हाताखालून, डोळ्यासमोरून न गेलेलं उपमान त्याच्या तोंडी आलं की बोलतो तो लेखक, पात्र मुकं राहतं.

असंच एकानं 'आईची माया सागरासारखी' असं लिहून आणलं. सागर कुणीच पाहिला नव्हता. बदलून आण म्हटल्यावर त्यानं लिहिलं, 'मायची माया सौताड्याच्या धबधब्यासारखी.' वर्ग हसला. सौताड्याचा धबधबा आमच्याच तालुक्यातला. पावसाळ्यात दरीत कोसळतो तेव्हा लांबून लोक बघायला येतात, उन्हाळ्यात नुसता कोरडा कडा. हसणं थांबलं तेव्हा त्याचा अर्थ लक्षात आला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते आणि साधारण गुढीपाडव्याच्या पुढंमागं परतते. आई घरी असते ती पावसाळ्यात. मी ते वाक्य एका शब्दानंही बदललं नाही.

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. इथून दरवर्षी लाखोंच्या संख्येनं माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, ती हंगामभर फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणायचं एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता. टोळी मोजायची ती कोयत्यांवर: अमक्या मुकादमाकडं इतके कोयते आहेत. शब्दशक्तीचा धडा शिकवताना लक्षणेसाठी व्याकरणाची पुस्तकं 'घरावरून हत्ती गेला' हे उदाहरण देतात. आमच्या वर्गात हत्तीची गरज पडत नाही. हातातल्या अवजारानं माणूस ओळखायचा, दोन माणसं मिळून एक अवजार, हे या मुलांच्या घरात रोज बोललं जातं. रोज बोलल्यामुळं त्यात अलंकार आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

शेवंताच्या कथेकडे परत येतो, कारण पात्राचा बदल उपमांतून कसा दिसतो हे त्या मुलीनं मला जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्या समीक्षेच्या पुस्तकानं दाखवलं नाही. शेवंता आजीपाशी राहून शिकते. एका वर्षी आजी आजारी पडते आणि तिला आईबापाबरोबर फडावर जावं लागतं. पहिल्या खर्ड्यात शेवटाकडे एक वाक्य होतं: 'शेवंताला परिस्थितीची जाणीव झाली व ती एकदम मोठी झाली.' हे वाक्य काढायचं, पण ती मोठी झाली हे कळलं पाहिजे, एवढीच अट मी घातली.

दोन-तीन खर्डे झाले. पुढच्यात शेवंता पहिल्यांदा ऊस पाहते तेव्हा तिला तो उंच वाढलेल्या बाजरीसारखा वाटतो. पाचटाची कोपी भातुकलीतल्या घरासारखी वाटते. कारखान्याचं धुराडं लांबून गावच्या देवळाच्या शिखरासारखं दिसतं, आणि ती नकळत हात जोडते. मग फडातले महिने. पहाटेची थंडी, हाताला कापणारी पात, आईच्या डोक्यावरची मोळी, फळीवरून ट्रॉलीत चढताना आईचा हलणारा पाय. या भागात उपमा जवळजवळ नाहीत. मला आधी तो भाग कोरडा वाटला होता; आता वाटतं की तिथं शेवंताला एका वस्तूवरून दुसरी आठवायला उसंतच नाही. शेवटी टोळी परतते. शेवंता ओट्यावर बसते आणि आजीचं घर तिला मोठ्या कोपीसारखं वाटतं. सड्याचा वास तिला पाणी दिलेल्या फडासारखा येतो. देवळाचं शिखर दिसतं आणि तिला कारखान्याचा भोंगा ऐकू आल्याचा भास होतो. कथा तिथंच संपते.

वर्गात मी ती वाचून दाखवली. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, उलटं झालं." जाताना घरावरून ऊस ओळखला होता, येताना उसावरून घर. ज्या वस्तूंवर नजर आधारलेली होती त्या वस्तूच बदलल्या. लिहिणाऱ्या मुलीला हे ठरवून केलंस का विचारलं तर म्हणाली, तिला तर तसंच दिसतं. तिच्यापुरतं उत्तर पुरेसं होतं. माझ्यापुरतं नव्हतं, म्हणून मी घरी जाऊन आवडत्या कथा पुन्हा काढल्या आणि फक्त 'सारखा', 'जणू', 'वाटलं' या शब्दांखाली पेन्सिल चालवत गेलो.

कॅथरीन मॅन्सफिल्डची 'मिस ब्रिल' ही १९२० सालची कथा मी कधीतरी वाचून विसरलो होतो. एक एकटी, वयस्क बाई रविवारी बागेत जाऊन बसते, माणसं बघते. बाकांवरच्या म्हाताऱ्यांकडे बघून तिला वाटतं की हे लोक अंधाऱ्या छोट्या खोल्यांतून, कपाटांतूनच उठून आलेत जणू. मग एक तरुण जोडपं तिची टिंगल करतं, ते तिच्या कानावर पडतं. ती घरी येते, आणि आता कपाटासारखी खोली तिची स्वतःची आहे. उपमा तीच, मालक बदलला. मी ही कथा वर्गात आमच्या बोलीत सांगितली. गळ्यात केसाळ कातडं घालून बाई बागेत का बसते यावर बराच वेळ गेला. पण कपाटाचं कुणाला समजावावं लागलं नाही. "म्हणजे ती आता त्यांच्यातच बसली," एकानं सांगून टाकलं.

जी. ए. कुलकर्णींच्या कथा या कामासाठी मी मुद्दाम बाजूला ठेवतो. प्रतिमांची एवढी दाटी मराठीत दुसरीकडे सापडत नाही, 'काजळमाया'ला उगाच अकादमीचा पुरस्कार मिळाला नव्हता. पण तिथल्या पुष्कळ उपमा निवेदकाच्या असतात, पात्र शेतकरी असो की राजपुत्र. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी जी. ए. वाचून लगेच लिहायला घेतलं की कथेत फक्त काळोख उरतो. आधी स्वतःच्या घरची उपमा हाताला लागावी, मग खुशाल जी. एं.कडे जावं.

मुलांच्या कथांत आणखी एक गोष्ट हटकून येते, आणि तिचं मूळ मला उशिरा सापडलं. चांगली प्रतिमा लिहितात आणि लगेच तिचा अर्थ सांगतात. 'म्हणजेच', 'यावरून असे दिसते की'. मी ते खोडत राहिलो आणि ते येत राहिलं. मग एका गावच्या सप्ताहात कीर्तन ऐकताना लक्षात आलं की ही सवय इथून आलीय. आमच्या भागात मुलांच्या कानावर लहानपणापासून पडणारं अलंकारिक बोलणं कीर्तनातलं असतं. सावरगाव घाट हे संत भगवानबाबांचं जन्मगाव याच तालुक्यात, आणि सप्ताह नाही असं गाव विरळा. कीर्तनकार दृष्टांत देतो आणि मग त्याची गाठ सोडतो: हा विंचू म्हणजे कोण, हा जावई म्हणजे कोण. न सोडता खाली उतरला तर लोक काय म्हणतील? एकनाथांच्या भारुडांची रीतही तीच. त्याच्याही मागे गेलं तर महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ' आहे, तेराव्या शतकातला, केसोबासांनी केलेला. चक्रधरांचे ११४ दृष्टांत, आणि प्रत्येकाची मांडणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट मराठीत त्यातच आहे. मराठी गद्यात गोष्ट सांगण्याची सुरुवातच अशी दार्ष्टान्तिकासकट झालेली असेल तर पाटोद्याच्या मुलानं 'म्हणजेच' लिहिलं तर नवल काय.

तेव्हापासून मी 'म्हणजेच' खोडताना कारण सांगतो. दृष्टांतात वस्तूचा अर्थ आधीच ठरलेला असतो आणि तो शेवटपर्यंत हलत नाही. हलला तर उपदेश फसतो. कथेत तो हलला नाही तर पात्र जागचं हलत नाही. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' मी यासाठी वाचायला देतो. खाण बंद पडल्यामुळं भीमा प्रेतांच्या राखेत, मग थेट प्रेतांवर सोनं शोधायला लागतो. एका रात्री एकाच प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. 'भीमा आता जनावर झाला होता म्हणजेच परिस्थिती माणसाला...' असं लिहून दार्ष्टान्तिक जोडण्याची गरज अण्णा भाऊंना पडत नाही. माणूस आणि कोल्हे एकाच खड्ड्यापाशी आणून ठेवले की झालं. आणि बोटं गमावून बसल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा 'सोनं' या शब्दाचं काय होतं ते मुलं स्वतःच सांगतात.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' तर आमच्या शेजारच्या मातीतली. बापाबरोबर टोमॅटो घेऊन बाजारात बसलेला शाळकरी मुलगा, पडत जाणारा भाव, आणि शेवटी बापानं स्वतःच्या मालावर घातलेलं थैमान. इथं रूपक शब्दांनी केलेलंच नाही, पायांनी केलंय. वर्गात त्यावर बोलताना एका मुलानं आपल्या घरच्या कांद्याचा विषय काढला. "कांद्याचा असा चिखल होत नसतो सर. कांदा चाळीत सडतो. भाव येईल म्हणून ठेवायचा, अन् वास सुटला की कळतं." मी त्याला म्हटलं, मग तुझ्या कथेतला बाप बाजारात नाचणार नाही. तो काय करील? "बसून राहील," तो म्हणाला. "वास आला तरी आला नाही म्हणंल." टोमॅटोतून एक स्वभाव निघतो, कांद्यातून दुसरा. पीक बदललं की माणसाच्या मोडण्याची तऱ्हा बदलते. ही कथा त्यानं अजून लिहिलेली नाही, मी दर भेटीत विचारतो.

आणि एका कथेवर मात्र आमचं जमलं नाही. टोळीतल्या मुलानं मुकादमावर लिहिली होती. मुकादम सगळ्यांना कोयत्यांत मोजतो. एवढे कोयते आले, एवढे पळाले, अमक्याचा अर्धाच आहे. हंगामाच्या मध्यावर एक बाई फडात मोळी घेऊन पडते आणि पुन्हा उठत नाही. कथेच्या शेवटी मुकादम कारखान्याच्या माणसाला फोन करतो आणि सांगतो, एक कोयता अर्धा झाला.

मी म्हटलं, इथं त्याला पहिल्यांदा त्या बाईचं नाव घेऊ दे. सगळी कथा लक्षणेत बोलणारा माणूस एकदाच अभिधेत बोलेल, आणि तेवढ्यानं तो बदललेला दिसेल. सांगावं लागणार नाही. मला माझ्या सूचनेचा अभिमानच वाटला होता. मुलानं ऐकून घेतलं आणि मान हलवली, होकाराची नाही.

"मुकादमाला तिचं नाव आधीपासून ठावं असतं सर," तो म्हणाला. "वहीत उचल नावावरच असती. नाव घेतलं म्हणजे तो बदलला असं कामून? तिच्या नवऱ्याकडून बाकी वसूल करायची तरी तो नावच घेणार."

वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. काहींना मुकादमाच्या मनात कालवाकालव हवी होती. काहींचं म्हणणं, बदलायला हवा तो बाईचा नवरा. आता अर्धा कोयता कोण, तर तो. मग एका मुलीनं सुचवलं की मुकादमाचं वाक्य तसंच ठेवायचं आणि पुढं फक्त नवऱ्याचं एक वाक्य घालायचं: कुणीतरी त्याला विचारतं, कितीजण आहात, आणि त्याला उत्तर देता येत नाही. लेखकाला ते पटलं, पण त्यानं तिथंही एक बदल केला. त्याच्या कथेत नवरा उत्तर देतो. "एक कोयता," म्हणतो, आणि लगेच हिशेब लिहिणारा ते खोडून दुरुस्त करतो.

त्याच शेवटासह ती वार्षिकांकात छापून आली. माझी सूचना समासात पेन्सिलीनं लिहिलेली होती, ती टंकलेखन करणाऱ्यानं वगळली.